एका हंड्याला एक प्रश्न

"तेरा महिन्यांसाठी किती हाडं लागतील?"

बोरामने हातातला सत्तूर मांस तोडायच्या खोडावर टेकवला आणि गिऱ्हाइकाकडे नीट पाहिलं. उंच, शिडशिडीत, तिशीच्या आतबाहेरचा. अंगात बॉयलर दुरुस्ती कंपनीचं निळं जाकीट. चेहरा असा गंभीर, की थट्टा करतोय म्हणावं तर पंचाईत.

वोंजू शहरातल्या बाजारात वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, मांसाच्या दुकानात ती सात वर्षं उभी होती. कोण किती हाडं नेतं यावरून कोण किती दिवस बाहेरगावी चाललंय, हे तिला न विचारता कळायचं. घरातल्या बाईला कुठं जायचं म्हटलं की ती आधी नळ्यांची हाडं नेणार, हंडाभर पांढरंशुभ्र सूप उकळणार, पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये रचणार आणि मगच स्वतःची बॅग भरणार. मागे राहिलेल्यांनी रोज एक पिशवी काढून गरम करायची, सोबत भात आणि किमची. दोन किलो म्हणजे माहेर. चार किलो म्हणजे मैत्रिणींबरोबर जेजू बेट, तीन रात्री. आठ किलो नेणारीला बोराम सरळ विचारायची, "युरोप का?" बायकोने हंडा चढवला की भलेभले नवरे हादरायचे.

पण तेरा महिने म्हणजे काय? आणि बायकांचं हे काम पुरुषमाणूस कशाला करतोय?

"कोण चाललंय?" तिने विचारलं.

"हाडं विकताना हेही विचारता?"

"आम्ही आधी हेच विचारतो. हाडं नंतर."

तो हसला नाही, पण हसू आवरल्यासारखं इकडेतिकडे पाहू लागला. "मला फक्त किलो सांगा ना."

"किलो काय सांगू? फ्रीजरमध्ये सूप तीन महिने टिकतं. तेरा महिन्यांचं भरून ठेवलंत तर शेवटचे दहा महिने घरचे शिव्याच घालतील. कुणाला, ते तुम्हाला माहीत."

"तीनच महिने?" त्याचा चेहरा एवढा पडला, की बोरामला आपण उगीच बोललो असं वाटलं. "बरं... मग तीन महिन्यांची द्या."

तिने तोलून दिली. तो गेला. आणि दहा मिनिटांनी पिशवी तशीच घेऊन परत आला.

"हे मला घरी उकळता येणार नाही," तो म्हणाला.

"गॅस नाही?"

"आहे. पण... वास येतो."

शेजारच्या गाड्यावर तांदळाचे केक विकणाऱ्या ग्वानसून मावशींनी एव्हाना कान टवकारले होते. बोरामच्याही डोक्यात चक्रं फिरायला लागली. वास येतो म्हणजे घरात कुणाला तरी कळता कामा नये. म्हणजे हा चोरून चाललाय. बायकोला सोडून? कर्ज बुडवून? पण पळून जाणारा माणूस मागच्यांच्या जेवणाची सोय कशाला करील?

तिला रात्रभर झोप लागली नसती, म्हणून ती बोलून गेली, "मागच्या खोलीत आमचा मोठा हंडा आहे. फ्रीजरही आहे. मंगळवारी बाजार थंड असतो. या आणि उकळा."

"खरंच? त्याचं भाडं..."

"भाडं नको. एका हंड्याला एक प्रश्न. मी विचारणार, तुम्ही खरं सांगायचं."

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "एकच ना?"

"एकच."

त्याचं नाव सोक मूजिन. हे कळायला प्रश्न खर्ची पडला नाही, जाकिटावर शिवलेलंच होतं.

*

पहिल्या मंगळवारी तो सकाळी आठलाच हजर. बोरामने त्याला नळ्या गार पाण्यात भिजत घालायला लावल्या. रक्त उतरलं की पाणी ओतायचं, दुसरं घालायचं. मग एक उकळी काढून तेही पाणी फेकायचं, हाडं घासून धुवायची आणि मग कुठं खरं सूप सुरू.

"म्हणजे सकाळपासून आपण नुसतं पाणीच फेकतोय," मूजिन म्हणाला.

"घाई असेल तर पाकिटातलं सूप मिळतं समोरच्या दुकानात."

तो पुन्हा हाडं घासायला लागला. दोन तासांनी पाणी हळूहळू दुधाळ व्हायला लागलं, तशी त्याची मान हंड्यात वाकली. चष्म्यावर वाफ धरली. चष्मा काढून त्याने तो जाकिटाच्या बाहीला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाफ धरली. बॉयलरवाल्या माणसाला वाफेचं एवढं काय कौतुक, बोरामला नवल वाटलं. मग तिचं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं, आणि ती बोटं मिठाच्या बरणीत होती.

"अरे, काय करतोयस!"

तिने ओगराळ्याने त्याच्या हातावर हलकाच फटका मारला. मीठ जमिनीवर सांडलं.

"हंड्यात मीठ? कुणी शिकवलं तुला? ज्याच्या त्याच्या वाटीत, ज्याच्या त्याच्या चवीनं. हंड्यात मीठ पडलं की सगळ्यांनी तुझ्याच जिभेनं जेवायचं."

"सॉरी," तो हात चोळत म्हणाला. "पण आपण अजून 'तुम्ही'वर होतो बहुतेक."

बोरामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वाफेचंच कारण असणार, तिने स्वतःला सांगितलं.

"प्रश्न विचार," तो म्हणाला. तोही सहजच 'तू'वर उतरला होता.

आठवडाभर घोकून ठेवलेला प्रश्न होता – कोण चाललंय? पण तोंडातून भलतंच निघालं. "लग्न झालंय?"

मूजिनने तिच्याकडे पाहिलं. अगदी हळू, वाफेतून. "नाही. हा प्रश्न आधी हवा होता का?"

"बाजाराला हवा होता," बोराम म्हणाली. "ग्वानसून मावशींनी पैज लावलीय."

बाहेरून मावशींचा खाकरण्याचा आवाज आला.

*

दुसऱ्या हंड्याला कळलं की जेवणार आहेत ते त्याचे वडील. शाळेची बस चालवायचे, आता निवृत्त. घरात दोघंच. तिसऱ्या हंड्याला कळलं की जाणारा तोच.

"कुठं?" बोरामच्या तोंडून गेलं.

"तो पुढच्या मंगळवारचा."

"नियमाचा एवढा पक्का?"

"नियम तुझाच."

तो आठवडा तिला भारी गेला. तेरा महिने! मध्यपूर्वेत बांधकामावर? जहाजावर? एखाद्या मुलीमागे परदेशात? हाडं तोडताना तिचा सत्तूर इतका जोरात पडायचा, की अप्पा एकदा म्हणाले, "बाळा, तो बैल आधीच मेलाय."

चौथ्या मंगळवारी सूप गाळून झालं, वरची चरबी काढून झाली. दोघं समोरासमोर बसून पिशव्या भरत होते. तो पिशवीचं तोंड उघडून धरायचा, ती ओगराळ्याने ओतायची. भरली की हवा काढून, आडवी निजवून, फरशीएवढी सपाट करायची, म्हणजे फ्रीजरमध्ये पुस्तकांसारखी रचता येते. हे काम बोलता बोलता होत नाही. बोटांना बोटं लागतात आणि सूप सांडतं. त्या दिवशी दोनदा सांडलं.

"अंटार्क्टिका," तो म्हणाला.

"काय?"

"आज विचारणार होतीस ना... तिथं आपलं संशोधन केंद्र आहे. हिवाळाभर अठरा माणसं राहतात. त्यांना जनरेटर आणि हीटर सांभाळणारा हवा असतो. मी निवडला गेलो. नोव्हेंबरच्या शेवटी निघायचं."

बोरामने ओगराळं खाली ठेवलं. "म्हणजे मी इथं तुझ्या पिशव्या फ्रीजरमध्ये भरतेय आणि तू स्वतःच जगातल्या सगळ्यात मोठ्या फ्रीजरमध्ये जाऊन बसणार."

तो हसला, मनापासून. गेल्या महिनाभरात पहिल्यांदा. तीही हसली, आणि हसता हसता तिला कळलं की आपल्याला हे अजिबात आवडलेलं नाही. प्रत्येक मंगळवारी आपण हौसेने भरत होतो ती एकेक पिशवी म्हणजे त्याच्या जाण्याकडे टाकलेलं एकेक पाऊल होतं. ते आपणच मोजून, तारीख लिहून, नीट रचून ठेवत होतो. तिला स्वतःचाच राग आला.

पुढच्या हंड्याला तिने जरा कडकपणेच विचारलं, "बाबांना का सांगत नाहीस? लहान आहेस का?"

त्याने हंड्यावरचा फेस ओगराळ्याने काढला.

"आई गेली तेव्हा मी दहावीत होतो," तो म्हणाला. "वारली नाही. गेली. शाळेतून आलो तर घरभर हा वास. बाबा म्हणाले, आई कुठंतरी सहलीला चालली असेल, मजा करू दे. सकाळी ती नव्हती. फ्रीजरमध्ये चोवीस पिशव्या होत्या. बाबांना वाटलं चोवीस दिवसांनी येईल. आम्ही रोज एक खाल्ली. शेवटच्या दिवशी बाबांनी तीन वाट्या मांडल्या." त्याने ओगराळं खाली ठेवलं. "तेव्हापासून आमच्या घरात हे सूप शिजत नाही."

हंड्याखालचा गॅस फुरफुरत होता. बोरामने तो उगीचच बारीक केला.

"मग तू पण पिशव्याच का भरतोयस? ते पुन्हा मोजत बसतील."

"माहीत आहे." त्याचा आवाज अगदी लहान झाला. "पण जाताना माणूस मागं दुसरं काय ठेवून जातो... मला कुणी दाखवलंच नाही ना."

बोरामला त्याक्षणी त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. हात सुपाने चिकट होते, म्हणून तिने ठेवला नाही. नंतर आठवडाभर ती त्या चिकट हातांना दोष देत होती.

*

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी एक म्हातारेसे गृहस्थ दुकानात आले. काहीच घ्यायचं नव्हतं. काचेतल्या मांसाकडे पाहत उभे राहिले.

"काय देऊ, काका?" बोरामने विचारलं.

"माझ्या मुलाच्या जाकिटाला सहा आठवडे हाडांच्या सुपाचा वास येतोय," ते म्हणाले. "दर मंगळवारी. मी म्हटलं, एकतर पोरगा कुठंतरी चाललाय, नाहीतर खाटकाच्या मुलीच्या प्रेमात पडलाय. बाजारात चार खाटीक आहेत. तिघांना मुली नाहीत."

ग्वानसून मावशींच्या हातातला चिमटा खाली पडला.

बोराम गडबडली. "ते... कुठं जायचं ते त्यानंच सांगायला हवं, काका."

"म्हणजे चाललाय."

तिने जीभ चावली, पण आता उपयोग नव्हता.

"एक उत्तर मिळालं," काका म्हणाले. "आणि दुसरं?"

"दुसरं मला माहीत नाही."

"तुझं माहीत नाही की त्याचं?"

बोरामने मागच्या खोलीचं दार उघडलं, फ्रीजरचं झाकण उचललं. काकांनी आत डोकावलं. सपाट, पांढऱ्या, तारखा लिहिलेल्या थप्प्या. त्यांचे ओठ हलायला लागले, आणि ते काय करताहेत हे कळताच बोरामने झाकण लावून टाकलं.

"मोजू नका."

"बायकोने चोवीस ठेवल्या होत्या," ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

"सांगितलं त्यानं तुला?" त्यांनी तिच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. मग स्टूल ओढून बसले. "मला पिशव्या नकोत, पोरी. पिशवी संपली की माणूस दाराकडे बघायला लागतो. मला हंडा चढवायला शिकव. भूक लागेल तेव्हा मीच उकळीन. तुझ्या बापाची हरकत नसेल तर."

अप्पा बाहेरून ओरडले, "हरकत कसली? आधीच तिनं माझ्या दुकानाची खाणावळ केलीय."

पुढच्या मंगळवारी मूजिन आला तेव्हा त्याचे वडील बोरामचा फुलाफुलांचा एप्रन बांधून नळ्या घासत होते. तो दारातच थिजला. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही.

"बाबा... मी–"

"कुठं ते सांग. चाललायस ते समजलं."

"अंटार्क्टिका."

"तिथं काय आहे?"

"बर्फ."

"बर्फ इथं पण पडतो." काकांनी हाड उलटं करून घासलं. बराच वेळ घासलं. "किती दिवस?"

"तेरा महिने. पुढच्या वर्षी डिसेंबरच्या वीस तारखेला परत. लिहून दिलंय त्यांनी."

"तारीख आहे?"

"आहे, बाबा."

"तुझ्या आईनं तारीख सांगितली नव्हती," काका म्हणाले. मग मान हलवली, जणू कुणी विचारलेल्या गोष्टीला हो म्हणतायत. "जा मग. पण त्या जाड जाकिटाचं माप नीट दे, खांद्यात आखूड घेतोस नेहमी."

मूजिनने चष्मा काढला. या वेळी वाफ नव्हती. बोराम उठून बाहेर गेली आणि नसलेल्या गिऱ्हाइकाला मांस तोलायला लागली.

फ्रीजरमधल्या पिशव्यांचं काय करायचं हा प्रश्न उरला. काका म्हणाले, वाटून टाक. बोरामने बाजारातल्या सगळ्या बायकांना चार-चार दिल्या. त्या संध्याकाळी घरोघर फ्रीजर उघडला गेला, आणि कमीत कमी नऊ नवऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मासेवाल्याने तर बायकोला चक्क नवा कोट घेऊन दिला. तिने खरं काय ते वसंत ऋतूपर्यंत सांगितलं नाही.

*

शेवटचा मंगळवार. काका हंड्याशी होते, आता त्यांना कुणी लागत नव्हतं. मूजिन आणि बोराम मागच्या दाराच्या पायरीवर कांद्याची पात निवडत बसले होते. हवेत बर्फाचा वास होता, बर्फ मात्र पडत नव्हता.

"आजचा प्रश्न?" त्याने विचारलं.

"नाही माझ्याकडे."

"मग मी विचारू?"

"हंडा आमचा आहे."

"पण आज उकळतायत माझे बाबा."

तिने पातीचं एक टोक तोडलं, मग उगीच दुसरंही तोडलं.

"बोराम," तो म्हणाला. तोपर्यंत त्याने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. "मला तू आवडतेस. हंड्यात मीठ टाकायला गेलो ना... तेव्हापासून. मला वाटलं होतं मंगळवार माझ्या जाण्यासाठी आहेत. पण मी तर आठवडाभर फक्त मंगळवारासाठी थांबायचो. मी परत येईन तेव्हा... तू... म्हणजे, मी वाट बघ असं म्हणत नाहीये, पण–"

"मग काय म्हणतोयस?"

"वाट बघशील का, असं म्हणतोय."

हो म्हणणं किती सोपं होतं. पण तिला तीन वाट्या आठवल्या. जाणाऱ्याचा शब्द आणि राहणाऱ्याचा शब्द सारखा नसतो. जाणारा बोलून विमानात बसतो, राहणाऱ्याला तो शब्द रोज उठून ताटात वाढून घ्यावा लागतो. तो आपल्याला पेलेल की नाही, हे तिला अजून माहीत नव्हतं, आणि त्याच्याशी ती खोटं बोलणार नव्हती.

"निघताना माणूस काहीही बोलतो," ती म्हणाली. "आणि ऐकणाराही काहीही उत्तर देतो. आज मी काही सांगणार नाही. तू जा. तिथं नीट जेव."

"आणि उत्तर?"

"द्यायचं असलं तर तुला कळेल. नाही कळलं तर... तेही उत्तरच."

त्याने मान डोलावली. पातीची जुडी उचलताना त्याची बोटं तिच्या बोटांवर क्षणभर थांबली, आणि या वेळी काहीच सांडलं नाही. तीन दिवसांनी तो गेला.

*

हिवाळा सरला. चेरी फुलली आणि झडलीही. काका दर मंगळवारी यायचे, हंडाभर सूप उकळायचे, अप्पांशी बदुकच्या काळ्यापांढऱ्या सोंगट्यांच्या पटावर भांडायचे. एखाद्या मंगळवारी सर्दीमुळे आले नाहीत तर बोराम डबा घेऊन त्यांच्या घरी जायची. मग सर्दी नसतानाही जायला लागली. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या मोडक्या खुंटीला तिने नवा खिळा ठोकला, फ्रीजरमधला पंधरा वर्षांचा बर्फ खरवडून काढला. तिला वाटलं होतं, वाट बघणं म्हणजे नुसतं दाराकडे डोळे लावून बसणं. पण इथं तर रोज काही ना काही काम निघत होतं, आणि दिवस कसे गेले कळत नव्हतं. आपण वाट बघतोय हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तो जाऊन सहा महिने होऊन गेले होते.

जुलैत एका दुपारी त्याचा व्हिडिओ फोन आला. तिकडे काळाकुट्ट हिवाळा, सूर्य दिसून न दिसल्यासारखा. आवाज पोचायला दोन सेकंद लागायचे. काकांनी फोन एका हातात धरला होता आणि दुसऱ्या हाताने हंडा ढवळत होते. मूजिनची दाढी वाढली होती, चष्मा तोच होता.

"बाबा, कसे आहात?"

"मी काय, ठणठणीत. आज पाण्याचा रंग बघ, दुधासारखा आलाय. दिसतंय का?"

"काहीच दिसत नाही."

"कसं दिसत नाही? हा बघ."

बोराम शेजारी पात चिरत होती. तिने ओल्या हाताने त्यांचं मनगट धरून फोन खाली केला.

"बाबा, जरा खाली धरा ना. त्याला नुसतं तुमचं कपाळ दिसतंय."

एक सेकंद गेला. दोन गेले. तो 'बाबा' शब्द तिकडे पोचला असणार, कारण पडद्यावर मूजिनचा चेहरा जागच्या जागी थांबला. काकांचं ढवळणंही थांबलं, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

"लाईन गेली वाटतं," ते म्हणाले.

"नाही गेली, बाबा," बोराम म्हणाली.

पडद्यावरच्या माणसाने चष्मा काढला, बाहीने पुसला, परत घातला.

"बोराम... परत एकदा म्हण ना."

"कशाला? ऐकू आलं नाही?"

दोन सेकंद.

"आलं," मूजिन म्हणाला. "म्हणूनच."